हन्नाबाईचा पेला

महिन्यातून एका शनिवारी आमच्या घरात मनुकांचा वास भरून राहायचा. आई काळ्या मनुका सकाळी भिजत घालायची, दुपारी स्टोव्हवर उकळायची आणि मलमलच्या फडक्यातून पिळून काढायची. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीला, हाच रस द्राक्षरस म्हणून काचेच्या इवल्या पेल्यांतून फिरायचा. खरा द्राक्षरस सोलापुरात कोण आणून देणार, आणि दारू आमच्या मंडळीत कुठेच चालत नव्हती. पावाच्या कडा कापून आतल्या मऊ भागाचे पेराएवढे तुकडे करायचं काम माझं. कडा आम्हा भावंडांच्या, शेंगाचटणीबरोबर. "तुकडे सारखे कर," आई म्हणायची, "मोठा कुणाला आला, बारका कुणाला आला, यावरनं बी बाया बोलत्यात." पलीकडच्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरं होती. त्यांचे माग सकाळपासून खडखडत असायचे. ते थांबले की आम्हांला चुकल्यासारखं व्हायचं, आणि मिलचा भोंगा झाला की आई स्टोव्ह बारीक करून दादांच्या चहाचं आधण ठेवायची.

दादा म्हणजे माझे वडील. मिलमध्ये फिटर आणि चर्चमध्ये पंच. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात पाळी सुटली की ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मंडळीतल्या घरोघर जायचे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "कुणाशी वैर नाही ना?" ज्याच्या मनात वैर आहे त्याने त्या महिन्यात पेला घ्यायचा नाही, असा नियम होता. हा नियम कागदावर कुठे होता की नाही मला माहीत नाही, पण आमच्या मंडळीत तो पोलिसांपेक्षा कडक पाळला जाई. त्यामुळे त्या आठवड्यात भांडणं भराभर मिटायची. नळावरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या दोघी जावा शुक्रवारी संध्याकाळी एकमेकींना वाटीभर कालवण पाठवायच्या आणि मंगळवारपासून नव्याने सुरू करायच्या. दादांना हे कळत होतं. ते म्हणायचे, "तीन दिवस तर तीन दिवस. तेवढं तरी होतं." नियम माणसांना जवळ आणण्यासाठी होता, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. पुढे जे झालं ते सांगताना मला ही गोष्ट विसरायची नाही.

आमच्या घराच्या मागच्या रांगेत, एका खोलीत हन्नाबाई राहायची. मूळची दुधनीकडची. मराठी बोलता बोलता मध्येच 'यव्वा' म्हणायची, म्हणजे तिच्या कानडीत 'बाई गं'. नवरा लवकर गेला. तिने बायबलबाई म्हणून गावोगाव पायी फिरून शुभवर्तमान सांगितलं आणि रविवारी लहान मुलांचा वर्ग घेतला. दादा लहान असताना तिच्या वर्गात होते, त्यांच्यानंतर मीही. त्यामुळे सगळी मंडळी दादांना पंचसाहेब म्हणत असली तरी ती त्यांना 'दानियल' म्हणायची आणि अरेतुरेच करायची. तिला एकच मुलगी, रूथ. ती माझ्या धाकट्या काकाला, वसंतकाकाला दिली होती, आणि वसंतकाकाने तिला मारून टाकलं.

आमच्या घरात 'ढकललं' असं म्हणायची पद्धत होती. दारूच्या भरात ढकललं, डोकं आपटलं. ढकललं नव्हतं. वरवंट्याने मारलं होतं, आणि एकदा नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मला फक्त आठवतं ते हे, की हन्नाबाई पुढच्या रविवारी वर्गाला आली, हजेरी घेतली, आणि नेहमीसारखी आम्हांला गोष्ट सांगायला लागली तेव्हा तिचा आवाजच फुटेना. आम्ही वाट बघत बसलो. शेवटी तिने हाताने जा म्हणून खुणावलं. त्यानंतर तिने वर्ग सोडला.

काका तुरुंगातून परत आला ते दुष्काळाचं साल होतं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी थापताना मोडायच्या आणि खाल्ल्यावर छातीत बसायच्या. चांगल्या वर्तणुकीमुळे त्याला लवकर सोडलं होतं. केस पिकलेले, आवाज इतका खाली गेलेला की तो काय म्हणाला ते आईला दोनदा विचारावं लागायचं. दादा त्याला स्टेशनवरून घेऊन आले आणि पुढच्या खोलीत त्याची सतरंजी घातली. आईने पाणी दिलं, ताट वाढलं, एक शब्द वावगा बोलली नाही. मात्र त्याच दिवशी तिने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि आपल्या खाटेखाली, ट्रंकेच्या मागे नेऊन ठेवला. चटणी वाटायची झाली की बाहेर काढायची, वाटून झालं की धुऊन परत आत. काकाने हे पाहिलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी तो आईला म्हणाला, "वैनी, ठेवत जावा. बरं करताय." आईने त्या दिवशीही वरवंटा धुऊन ट्रंकेच्या मागे नेला.

काका बदलला होता, हे मात्र कुणालाही दिसत होतं. दारूला शिवत नव्हता. पहाटे उठून शास्त्र वाचायचा, तुरुंगात शिकलेलं विणकाम पलीकडच्या गल्लीत मागावर करायचा. त्याने दादांना सांगितलं की मला मंडळीपुढे उभं राहायचंय. आमच्यात प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी तयारीची सभा असे. ज्याला पापामुळे मंडळीबाहेर ठेवलेलं असेल त्याने तिथे सगळ्यांपुढे उभं राहून ते कबूल करायचं, मग हात वर करून मत घ्यायचं, आणि घ्यायचं ठरलं तर पाळकसाहेबांनी त्याला उजवा हात द्यायचा. मी पंधरा वर्षांची होते, नुकतंच दृढीकरण झालं होतं, म्हणजे मलाही पेला आणि मत, दोन्हींचा हक्क मिळालेला.

काका उभा राहिला. पाळकसाहेबांनी त्याला सोपं जावं म्हणून विचारलं, "वसंतराव, तुमच्या हातून रूथबाईंना इजा झाली, हे तुम्ही कबूल करता?" काका म्हणाला, "इजा नाही. मी मारलं. ती नको नको म्हणत होती, तरी मारलं." मग तो म्हणाला की मला काही मागायचा हक्क नाही, पण देव देतो असं लहानपणी शिकलो होतो, म्हणून आलो. बायका रडायला लागल्या. मत घेतलं तेव्हा पुरुषांच्या बाजूचे सगळे हात वर गेले, बायकांच्या बाजूचेही. माझाही. मला वाटलं, आपण काही तरी फार मोठं करतोय. हन्नाबाई माझ्या पुढच्या बाकावर होती. तिचे हात मांडीवर होते.

त्या महिन्यात दादांनी तिचं घर शेवटी ठेवलं होतं. सभा सुटल्यावर ते तिच्याकडे निघाले आणि मला बरोबर घेतलं, कारण आईने तिच्यासाठी वाडग्यात डाळ दिली होती. हन्नाबाई दार उघडं टाकून वाट बघत असल्यासारखी बसली होती.

"ये दानियल. इचार."

दादा उभेच राहिले. "कुणाशी वैर नाही ना, हन्नाबाई?"

"हाय की."

"वसंताशी?"

"तर काय ह्या पोरीशी व्हय?" तिने माझ्या हातातलं वाडगं घेतलं. "आईला सांग, मीठ बेतानं टाकत जा म्हणावं. मागल्या खेपंला खारट झालतं."

दादा खाली बसले. इतर कुणाच्या घरी ते प्रश्न विचारताना बसत नसत. "मंडळीनं त्याला घेतलंय. त्यानं काही लपवलं नाही, तुम्ही ऐकलंत. क्षमा किती वेळा करायची, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"शिकवलं व्हतं. तवा रूथ जित्ती व्हती."

"देवानं क्षमा केली, हन्नाबाई. त्याचा तर स्वतःचा मुलगा मारला लोकांनी."

"त्याचा तिसऱ्या दिशी उठला," ती म्हणाली. "माजी उठली न्हाय."

मग हन्नाबाईने आवाज खाली आणून सांगितलं, तेही हट्टाने नाही, एखादी व्यवस्था सुचवावी तसं. त्याला बाहेर ठेवा असं ती म्हणतच नव्हती. तो एका महिन्यात घेऊ दे, ती पुढच्या महिन्यात घेईल. त्याच्या पाळीच्या रविवारी ती घरी बसेल, तिच्या पाळीला त्याने घरी बसावं. "तूच तर मेजावर बसताना सांगतूस न्हवं, की गेलेली आन् ऱ्हायलेली समदी तितं एका ठिकाणी असत्यात म्हून? मला तितं रूथ असल्यागत वाटतं. तेवढी एकच जागा हाय माजी, दानियल. तितं त्यो नगं. एवढंच."

दादा म्हणाले, "प्रभूच्या मेजाला पाळ्या लावता येत नाहीत."

शास्त्राप्रमाणे ते बरोबर होतं, हे मला आजही मान्य आहे. पण मी पुढे नर्स झाले आणि आयुष्यभर वॉर्डात पाळ्या लावायचं काम केलं आहे. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या सिस्टर मी वर्षानुवर्षं एकाच वॉर्डात चालवल्या, एक सकाळी आणि एक रात्री, आणि पेशंटना त्याची झळ लागू दिली नाही. हन्नाबाईने मागितलं ते अवघड नव्हतं. एका कागदावर बसणारं होतं. दादांना ते का दिसलं नाही याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. दादा लबाड नव्हते. पण तो भाऊ त्यांचा होता. त्याला अर्धवट क्षमा मिळालेली त्यांना चालणार नव्हती. त्यांना ती पूर्ण हवी होती, सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या बरोबर. त्याची किंमत कोण देतंय हे पाहायला त्यांनी मान वळवली नाही.

"मग तुम्हांला पेला घेता येणार नाही," ते म्हणाले.

"मला?" तिने विचारलं. तिला खरंच समजलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी समजावून सांगणार होते. "माजीच पोर मारली, आन् मलाच न्हाय व्हय?"

"तुम्ही फक्त नाही म्हणा, हन्नाबाई. वैर नाही, एवढंच म्हणा. बाकीचं देव करील."

"पंच हाईस आन् खोटं बोलाया सांगतूस?" ती म्हणाली. "असलं न्हवतं शिकवलं मी तुला."

रविवारी ती आली. मला वाटलं होतं येणार नाही. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून ती बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी बसली. आमच्याकडे पंच पेल्यांचं तबक घेऊन बाकाबाकांतून फिरत, आणि बायकांची बाजू दादांकडे होती. पेले तबकात बारीक किणकिणत ते जवळ आले. हन्नाबाईचा हात पुढे झाला. मुद्दाम केला असं मला वाटत नाही. चाळीस वर्षं पुढे होत आलेला हात होता, तो झाला. दादांनी तबक वर उचललं, तिच्या हातावरून पुढे नेलं आणि माझ्यासमोर धरलं. मी पेला घेतला. तिचा हात तसाच हवेत होता. मग तिने तो पदराखाली घेतला. पलीकडे पुरुषांच्या बाजूला काकाने आपला पेला तोंडाला लावला होता आणि तो इकडे बघत होता.

मी तो रस प्यायले. प्यायला नको होता, एवढंच आता म्हणते.

घरी जेवताना काकाने विचारलं, "दादा, रूथच्या आईला का नाही दिला?" दादा म्हणाले, तिच्या मनात वैर आहे. काका घास तसाच धरून बसला. आई भाकरी वाढायला आली होती, तिने एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मनातलं बोलून टाकलं. "तुमच्यापायी म्हातारीचा पेला गेला, भावजी. जेवा आता. भाकरी गार व्हतीया." दादा म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस." आई म्हणाली, "मी मधी न्हाय. मधी म्हातारी हाय."

काका त्या संध्याकाळी हन्नाबाईच्या दारात गेला. दार बंद होतं. तो बाहेर उभा राहिला, अंधार पडेपर्यंत. आत कंदील लागला तो दिसला, पण दार उघडलं नाही. दोन आठवड्यांनी तो दुधनीला गेला, अडतीवर पोती उचलायला. दादांना म्हणाला, मी गेलो की तिला देता येईल. दादा म्हणाले, हा प्रश्न जागेचा नाही. काका म्हणाला, "मला तुमच्याइतकं शास्त्र कळत नाही. मी जागा रिकामी करतो." त्याने पुन्हा कुठल्याही चर्चमध्ये पाय ठेवला नाही, असं आम्हांला नंतर कळलं. चार वर्षांनी तिकडेच तापाने गेला. शेवटी दादा त्याच्याजवळ होते. तो प्रार्थना करीतच गेला, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांना त्याचं समाधान होतं.

काका वारल्यावर तरी हन्नाबाई पेला घेईल, अशी दादांची आशा होती. ते दर महिन्याला न चुकता तिच्याकडे जात राहिले. तिने कधी दार लावलं नाही. "बस. च्या घे," म्हणायची. चहा झाला की, "हाय अजून. जा आता." काका दुधनीला गेला तेव्हा दादांनी विचारलं होतं, आता तर तो लांब आहे ना? ती म्हणाली, "त्यो लांब गेला म्हून माजं मन जवळ येतंय व्हय?" तिला खोटं बोलता येत नव्हतं आणि दादांना नियम मोडता येत नव्हता. दोघांनाही हे एकाच माणसाने शिकवलं होतं, ते म्हणजे तिनेच. सात वर्षं ती दर प्रभुभोजनाला येऊन बाकावर बसली, आणि सात वर्षं तबक तिच्यावरून गेलं. मंडळीला सवय झाली. लहान मुलं तर समजायची की या आजीला रस आवडत नाही.

ती माझ्या वॉर्डात दाखल झाली तेव्हा मी नर्सिंग संपवून नुकतीच कामाला लागले होते. पोटात गाठ होती, पोट उघडून तसंच परत शिवलं होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तिला पुसायची, कूस बदलून द्यायची, चमच्याने पेज भरवायची. ती म्हणायची, "मार्थे, हात हलका हाय गं तुजा." एके दुपारी नवे तरुण पाळकसाहेब आजाऱ्यांचं प्रभुभोजन घेऊन आले, बरोबर दादा. पाळकसाहेबांनी छोटा डबा उघडला आणि रीतीप्रमाणे तिला तो प्रश्न विचारायला सुरुवात केली. दादांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"विचारू नका," ते म्हणाले. "द्या तिला."

मी सलाइनची बाटली बदलत होते. माझे हात थांबले. सात वर्षांत ही पहिलीच वेळ होती. दादांचा चेहरा पार उतरला होता. हे त्यांनी घरून ठरवून आणलं असावं. त्यांनी स्वतः पेला उचलला, तिच्या मानेखाली हात घातला आणि पेला तिच्या ओठांजवळ नेला.

हन्नाबाईने तोंड मिटलं. मग मान थोडी वळवून विचारलं, "दानियल, वसंता गेला तवा देवानं त्याला घेतलं आसंल?"

खोटं दादा तेव्हाही बोलले नाहीत. "होय," ते म्हणाले. "त्यानं पश्चात्ताप केला होता. आपला विश्वास तोच आहे."

"म्हंजी तितं बी त्यो बसला आसंल. रूथच्या म्होरं."

दादांनी पेला अजून तिच्या ओठांजवळच धरला होता.

"मग हे पिऊन मला तितंच जायचं ना?" ती म्हणाली. "नगं. ने माघारी."

पाळकसाहेब बिचारे काही तरी सांगू लागले, तिथे डोळ्यांतली आसवं पुसली जातात, तिथे जुनं काही आठवत नाही, असं. तिने ऐकून घेतलं. "मला आठवू दे," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या राउंडच्या आधी गेली. डोळे मी मिटले, हनुवटी बांधली, आणि निरोप देऊन वॉर्डबॉयला आमच्या घरी पाठवलं.

दादा आले ते आत न येता आवारातल्या बाकावर बसले. मी बाहेर गेले. त्यांनी शेकडो मयतींना प्रार्थना केली होती. कोण कुठे गेलं याविषयी त्यांना कधी शंका नसे. मला म्हणाले, "मार्था, तिला आत घेतलं असेल का गं?"

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. रात्रभर जागी होते, आणि तिच्या पदराखाली गेलेला तो हात मला सात वर्षं दिसत होता. आज कुणा पेशंटच्या नातेवाइकाने हे विचारलं तर मी हो म्हणते. काही जात नाही आपलं, आणि कदाचित खरंही असेल. पण समोर दादा होते.

"तुमच्या नियमाप्रमाणे नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मुलीने शास्त्रातलं एखादं वचन बरोबर म्हणून दाखवल्यावर डोलावत, तशीच. मग म्हणाले, "जा तू. तुझे पेशंट थांबलेत." मी गेले.